जुन्या रंध्याचे आटे बदलून ‘ओरिजिनल’चं बिल: इंदूरमध्ये दुरुस्तीला देण्याआधी हे मोजा

अमेरिकन स्टॅनलीचा चार नंबरचा जुना रंधा. मागच्या मुठीतला लांब रॉड तुटलेला, बाकी सगळं जागच्या जागी. रामबागेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी तो एका लेथवाल्याकडे दिला. परत आला तेव्हा मूठ घट्ट होती आणि बिलावर ‘इम्पोर्टेड ओरिजिनल रॉड-नट’ म्हणून १,८०० रुपये लावले होते. ज्याला या आट्यांची माहिती नाही त्याला यात खोट दिसणारच नाही.

प्रत्यक्षात रंध्याच्या बिडाच्या बॉडीत दोन सुती, म्हणजे १/४ इंच बीएसडब्ल्यूचा (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ, ब्रिटिश आट्यांचं माप) टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मारला होता. सियागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला दोन सुती स्टड कापून बसवला होता आणि वर पॉलिश केलेला साधा नट. खाचेचा मूळ पितळी नट दुकानातच राहिला. पैसे गेले ते गेलेच, पण बॉडीचं भोक कायमचं मोठं झालं याचं दुःख जास्त आहे. बिडातून निघालेला माल परत भरता येत नाही.

ही लबाडी इतकी सहज खपते याचं कारण आट्यांच्या आकड्यांतच आहे. स्टॅनलीने मुठीच्या रॉडला, पुढच्या गोल मुठीला आणि फ्रॉगच्या, म्हणजे पात्याला आधार देणाऱ्या बिडाच्या तुकड्याच्या, स्क्रूंना १२-२० हे स्वतःचं माप वापरलं. १२ नंबर म्हणजे व्यास ०.२१६ इंच, साधारण ५.४९ मिमी, आणि इंचाला २० आटे. बाजारात १२ नंबरचे स्क्रू मिळाले तर ते २४ किंवा २८ आट्यांचे असतात. १२-२० मिळत नाही. पण १/४ बीएसडब्ल्यूलाही इंचाला २० आटेच असतात, फक्त व्यास ६.३५ मिमी. त्यामुळे १/४ चा टॅप जुन्या आट्यांच्याच वाटेने सरळ आत जातो आणि भोक रुंद करत जातो. टॅप अडत नाही, करकरत नाही, गिऱ्हाइकासमोर मारला तरी ‘आटे साफ करतोय’ असं सांगता येतं. नंतर मूळ १२-२० स्क्रू त्यात घातला तर तो खुळखुळतो, आवळला की आट्यांची टोकं सोलून बाहेर येतो. मग म्हणायला मोकळे: ‘देखो साब, पुराना स्क्रू तो घिस गया था.’

तपासायला महागडं काही लागत नाही. ५ मिमीचा ड्रिल उलटा धरा आणि त्याची गुळगुळीत दांडी बॉडीतल्या भोकात घालून पाहा. मूळ १२-२० भोकाचा आतला व्यास सव्वाचार ते साडेचार मिमीच्या आसपास असतो, त्यात ५ मिमीची दांडी जात नाही. १/४ बीएसडब्ल्यूसाठी ५.१ मिमीचं भोक धरतात, त्यात ती आरामात उतरते. ड्रिल न करता नुसता टॅप मारला असेल तर दांडी अडू शकते, म्हणून मूळ स्क्रू घालून तो खुळखुळतो का तेही पाहा. दुरुस्तीला देताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा हे दुकानातच करा.

पातं दाबणाऱ्या लीव्हर कॅपच्या स्क्रूचं प्रकरण याहून वाईट. तो ९/३२ इंच, इंचाला २४ आटे. व्यास ७.१४ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.०५८ मिमी. याच्या अगदी शेजारी मेट्रिक मापाचा एम ७ बसतो: व्यास ७ मिमी, अंतर १ मिमी. झिजलेल्या स्क्रूवर एम ७ चा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो, कारण दर आट्याला ०.०५८ मिमीची चूक साचत जाते आणि पाचव्या आट्याला ती पाव मिमीच्या वर पोहोचते. तेवढ्यावर एम ७ चा नवा स्क्रू फ्रॉगमध्ये घालून ‘नवा आहे म्हणून घट्ट आहे’ असं सांगत पाना लावला की दोन्हीकडचे आटे मेले. मग ‘आता अडीच सुती करावं लागेल’ म्हणत फ्रॉगमध्ये ५/१६ बीएसडब्ल्यू पाडतात. त्याला ६.५ मिमीचं भोक लागतं. फ्रॉगला त्या जागी बीड फार जाड नसतं, चीर पडू शकते आणि ती रंगाखाली झाकली जाते. म्हणून इथे ६.५ मिमीच्या ड्रिलची दांडी घालून पाहावी. ती आत गेली तर भोक वाढवलेलं आहे.

पात्याची खोली बदलणारं पितळी चाक ज्या स्टडवर फिरतं, तो बहुतेक स्टॅनली रंध्यांत ९/३२-२४ च असतो, पण आटे डावे असतात. चाक ‘जाम आहे’ म्हणून पकडीने उलट्या दिशेला जोर लावणारे दुकानदार आहेत, आणि आटे स्वतःच मोडून त्याचा खर्च गिऱ्हाइकावर टाकणारेही. स्क्रू उभा धरा. समोर दिसणारे आटे उजवीकडे चढत असतील तर उजवे, डावीकडे चढत असतील तर डावे. दुकानात जाण्याआधी एवढं घरी पाहून ठेवा.

‘ये साइज अब आती नहीं’ हे वाक्य मात्र खरं आहे. त्यापुढचं ‘इसलिए बॉडी में नया टॅप मारना पडेगा’ हे खोटं. इंचाला २० आणि २४ आटे हे इंची लेथच्या गिअर-तक्त्यावरचे नेहमीचे आकडे आहेत. मिमीच्या लेथवर १२७ दातांचं गिअर असलं की तेही होतं. साडेपाच मिमीच्या माइल्ड स्टीलच्या सळीवर ६० अंशांच्या टूलने साधारण ०.७८ मिमी खोल आटे काढले की १२-२० रॉड तयार. भोकाला हात न लावता नेहमी स्क्रू भोकाप्रमाणे करायचा. स्क्रू बिघडला तर दुसरा करता येतो, बॉडी दुसरी मिळत नाही. हे काम ‘होत नाही’ म्हणणाऱ्याला गिअर बदलायचे नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

मोजायची रीत नीट सांगतो, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. व्यास व्हर्नियरने आट्यांच्या टोकांवर घ्या, तोही स्क्रूच्या न वापरलेल्या भागावर. झिजलेल्या जागी माप सहज ०.१ ते ०.२ मिमी कमी येतं आणि आकडा भलत्याच मापावर जाऊन बसतो. अंतर एका आट्यावर कधीच मोजू नका. दहा अंतरं मोजा, म्हणजे पहिल्या टोकापासून अकराव्या टोकापर्यंत. २० आट्यांना १२.७ मिमी येईल, २४ आट्यांना १०.५८, एम ६ ला १०, एम ८ ला १२.५. शेवटच्या आणि पहिल्या आकड्यात फक्त ०.२ मिमीचं अंतर आहे, इथे नजरेवर विश्वास ठेवू नये. उरला कोन: व्हिटवर्थ ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिक ६०, बीए (लहान स्क्रूंचं जुनं ब्रिटिश माप) ४७.५. ० बीए आणि एम ६ यांचा व्यास ६ मिमी आणि अंतर १ मिमी सारखंच, वेगळा फक्त कोन. पिच गेजचं, म्हणजे आटे ताडून पाहायच्या दातेरी पात्यांच्या मापकाचं, पान आट्यांत बसवून उजेडासमोर भिंगातून पाहा. दोन्ही उतारांवर फट दिसली तर पान चुकीच्या कोनाचं आहे.

शेगड्याची, म्हणजे बांकची, गोष्ट थोडक्यात. जुन्या शेगड्यांत चौकोनी किंवा २९ अंशांचे अ‍ॅक्मे आटे असतात, काहींना दुहेरी सुरुवात असते. स्क्रूच्या टोकाकडे पाहून आटा किती ठिकाणांहून सुरू होतो ते मोजा. दुहेरीच्या जागी एकेरी बसवून देतात. जबडा तेवढाच उघडायला दुप्पट फेरे मारावे लागले की ते कळतं.

जुनी हत्यारं विकत घेतानाही हीच खोट समोर येते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी ‘मिलच्या वर्कशॉपचा माल’ हे शब्द अजून किंमत वाढवायला वापरतात. खरंही असेल, पण मिलचं नाव ऐकून भोकं तपासायची राहू देऊ नका. बाकी रंध्याचं काळं जपानिंग, म्हणजे मूळ चकचकीत लेप, उडालेलं आणि स्क्रूच्या भोकाभोवती मात्र ताजा काळा रंग असेल, तर तिथे सुईने ओरखडा काढा. बिडावर धातूची करडी चमक येते, एपॉक्सी पुट्टीची पांढुरकी भुकटी निघते. विकणारा ओरखडा काढू देत नसेल तर हत्यार खाली ठेवा.

वर सांगितलेल्या रंध्यासारखं भोक आधीच वाढवलं गेलं असेल, तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, साध्या रॉडने बीड तडकतं. पातळ बुशही, म्हणजे भोकात बसवायची पोकळ नळी, बसत नाही, कारण ६.३५ मध्ये ५.४९ चे आटे काढायला भिंतच उरत नाही. उपाय पायरीचा रॉड: खालचं टोक अर्धा इंच १/४ बीएसडब्ल्यू, मधली दांडी साडेपाच मिमी, वरचं टोक १२-२०. रॉड आधी बॉडीत बसवायचा, मग मूठ वरून उतरवायची. मूळ पितळी नट पुन्हा लागतो. म्हणून तो दुकानातून मागून घेणं हे पहिलं काम.

दुकानात हत्यार देताना तुटलेल्या भागासकट प्रत्येक स्क्रूचा फोटो काढा. पावतीवर ‘बॉडी व फ्रॉगमध्ये टॅप मारायचा नाही, जुने भाग परत’ असं लिहून सही घ्या. सही द्यायला कोणी कां-कूं केली तर हत्यार उचला. ‘ओरिजिनल’ लिहिलेलं बिल जपून ठेवा. त्याच्या जोरावर आधी दुकानदाराकडे लेखी मागणी करता येते, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवता येते आणि त्यानेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीत ‘चुकीचा स्क्रू दिला’ एवढंच लिहू नका. मूळ माप, बसवलेलं माप आणि कोणत्या भोकात कोणत्या मापाच्या ड्रिलची दांडी उतरते ते आकड्यांत लिहा, सोबत फोटो जोडा.