नाकेबंदी बरी का थेट फौज?

१७ सप्टेंबरला आमच्याकडं मराठवाडाभर मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं, पण समोरचा ऐकतच नसंल तर त्याची रसद तोडावी का सरळ फौज घालावी, हे कुणी बोलत नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा मराठवाडा होता, तर दोन्ही झालं.

नाकेबंदी ऐकायला सौम्य वाटते, गोळी सुटत नाही ना. पण इराक बघा, १९९० ला कुवेत गिळला म्हणून युनोनं निर्बंध लावले ते २००३ पर्यंत चालले, सद्दाम खुर्चीवर तसाच अन् औषधाविना हाल झाले ते गरिबाच्या लेकरांचे! तेलाच्या बदल्यात अन्नाची योजना सुरू व्हायला १९९६ उजाडलं.

फौज झटपट निकाल लावते. हैदराबादेवरची भारतीय फौजेची कारवाई, ऑपरेशन पोलो, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली अन् पाच दिवसांत निजाम शरण, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांचा जाच थांबला, अन् तो थांबायलाच पाहिजे होता. पण त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागात मुसलमानांवर जे गुदरलं त्याचं काय? नेहरूंनी चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं किमान २७ ते ४० हजार माणसं जिवानिशी गेल्याचा अंदाज दिला, अन् त्यातल्या कित्येकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता.

तरी मला विचाराल तर, लोकांवर रोज अत्याचार चालू असतील तिथं मी फौजेच्याच बाजूनं, कारण उपाशी ठेवून हुकूमशहा हलत नाही. फक्त जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी गावागावात कमजोर बाजूच्या घरांपुढं पहारा कोण देणार, हे फौज निघायच्या आधी ठरलेलं पाहिजे. अन् निर्बंध लावायचेच तर हत्यारांवर लावा, नेत्यांच्या बँक खात्यांवर लावा, औषधावर नको.