हब मोटर की मिड-ड्राइव्ह? मागचं चाक रस्त्यात कोण उघडणार, ते आधी बघा

साध्या सायकलवर मोटर बसवायची ठरली की गाडी याच प्रश्नापाशी अडते. हब मोटर मागच्या चाकाच्या मधोमध बसते, मिड-ड्राइव्ह पेडलपाशी बसून चेन ओढते. मी दोन्ही किट एकाच सायकलवर बसवून ठाणे पश्चिम ते ऐरोली रोज ये-जा केली आहे. हब मोटरवर पावसाळा धरून वर्षभर, मिड-ड्राइव्हवर त्याहून थोडं जास्त. सायकल जुनी, 21 गिअरची, लोखंडी फ्रेमची. बॅटरी दोन्ही वेळेला तीच, 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची. मोटरही दोन्ही 250 वॅटच्या आणि 25 किलोमीटरच्या वेगाला मदत थांबवणाऱ्या, कारण त्यापुढे गेलं की नोंदणी आणि लायसन्सचा प्रश्न येतो.

सपाट रस्त्याचं आधी सांगतो. कळवा पूल उतरून ठाणे-बेलापूर रोडला लागलो की दोन्हींत मला फारसा फरक जाणवला नाही. उलट हब मोटर आवाज कमी करते, आणि तिचा जोर चेनवर येत नाही. चेन तुटली तरी थ्रॉटलवर घरी पोचता येतं, हा गुण मोठा आहे. बसवायलाही सोपी, एका दुपारचं काम. पैशांतही फरक पडतो. मला मिड-ड्राइव्ह जवळजवळ दुप्पट किमतीला पडली.

चढाला मात्र चित्र बदलतं. रविवारी उपवनहून येऊरला चढताना हब मोटर दमते, कारण मोटर आणि चाक यांचं नातं ठरलेलं असतं. तुम्ही गिअर हलका केलात तर सुख फक्त पायांना. चाक मंदावलं की मोटरही मंदावते आणि करंटची बरीचशी उष्णता होते. वर पोचल्यावर हबला हात लावला तर चांगलाच गरम लागायचा. मिड-ड्राइव्हचा जोर चेनमधून मागच्या गिअरवर जातो, त्यामुळे हलक्या गिअरचा फायदा मोटरलाही मिळतो. पण येऊर आठवड्यातून एकदा. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे घाला, असं मी कोणाला सांगणार नाही.

माझा निर्णय झाला तो जुलैतल्या एका संध्याकाळी, विटाव्याच्या अलीकडे. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान पिशवीत होतं. साधं पंक्चर चाक न काढताही काढता येतं; टायरची एक बाजू उचकून ट्यूब बाहेर ओढायची आणि ठिगळ लावायचं. पण ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली होती, तिथे ठिगळ धरत नाही. ट्यूब बदलायची तर चाक काढायलाच हवं, आणि हब मोटरचं चाक काढायचं म्हणजे वायरच्या पट्ट्या कापा, प्लग सोडवा, टॉर्क आर्मचा (एक्सल जागेवर फिरू नये म्हणून लावलेल्या पट्टीचा) बोल्ट काढा, मग दोन्हीकडचे 18 नंबरच्या पान्याचे नट. तो पाना माझ्याकडे नव्हता.

पहिल्या पंक्चरवाल्याने एक्सलमधून निघालेली वायर पाहिली आणि हात जोडले. दुसऱ्याकडे पाना होता, त्याने एका बाजूचा नट सैलही केला, पण वायरच्या बाजूला थांबला. "काही तुटलं तर साहेब, मी कुठून भरून देऊ?" त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. भर पावसात, बसलेल्या टायरवर ती जड सायकल ढकलत मी कळवा पुलावरून घरी आलो. रात्री चाक स्वतः उघडलं, ट्यूब घातली, पण वॉशरचा क्रम चुकला आणि वायर नटाखाली चेपली गेली. दुसऱ्या दिवशी मोटर झटके देऊ लागली. मोटर कुठवर फिरली ते कळवणाऱ्या आतल्या हॉल सेन्सरची एक बारीक तार गेली होती.

हबवर माझी पंक्चरंही जास्त झाली. मोजदाद ठेवलेली नाही, पण कारण पटण्यासारखं आहे. मोटरचं दोन-तीन किलो वजन थेट चाकात असतं, त्यामुळे खड्ड्याचा दणका टायर आणि स्पोकवर जास्त बसतो. चाकही वारंवार आउट, म्हणजे वाकडं, निघायचं.

मिड-ड्राइव्हचं मागचं चाक साध्या सायकलचंच राहतं. कुठलाही पंक्चरवाला ते उघडतो. त्याची किंमत चेन भरते. माझी पहिली चेन एका पावसाळ्यात झिजली. गिअर बदलताना पाय क्षणभर सैल सोडायची सवय लागेपर्यंत गिअरचे दात कुरकुरतात. गिअर सेन्सर घेतलात तर तो त्या क्षणी मोटरचा जोर तोडतो, जरूर घ्या. पेडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांची एकच होते. किट मागवण्याआधी पेडलच्या नळीची रुंदी मोजा, बहुधा 68 किंवा 73 मिलिमीटर निघेल. माझा जुना बॉटम ब्रॅकेट (त्या नळीतला बेअरिंगचा भाग) इतका गंजला होता, की तो काढायला सायकलवाल्याकडेच जावं लागलं.

आता पिशवीत जादा चेनलिंक आणि चेन तोडायचं हत्यार असतं. हबचं चाक नवी तार जोडून कोपरखैरण्याच्या भाच्याला दिलं. त्याचा रस्ता सपाट, जेमतेम चार किलोमीटरचा, आणि सोसायटीखालच्या सायकलवाल्याला मी चाक उघडून दाखवलं आहे. भाचा खूश आहे. वायर मात्र एक्सलच्या खाली लोंबती ठेवून मग वर वळवायला सांगितली आहे, म्हणजे पाणी टोकावरून गळून जातं, मोटरमध्ये शिरत नाही.