जिफीडॉस: कमोडोर ६४ची कर्नल चिप बदलावी का?

जिफीडॉस म्हणजे कमोडोर ६४ या जुन्या होम कॉम्प्युटरवर डिस्कचं काम वेगवान करणारी, मूळ चिपच्या जागी बसणारी रॉम. कमोडोर ६४च्या जुन्या बोर्डवर तीन रॉम चिप (कायमचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या) असतात: बेसिक भाषा आणि कर्नल, म्हणजे मशीन सुरू करणारा आणि डिस्क वगैरे सांभाळणारा प्रोग्रॅम, प्रत्येकी ८ केबीच्या, अक्षरांची ४ केबीची. मशीन चालू केलं की ६५१० प्रोसेसर आधी कर्नलमध्ये शिरतो (सैन्यातला कर्नल नव्हे!). कार्ट्रिज आहे का बघतो, मग रॅममध्ये लिहून-वाचून पडताळत पुढे सरकतो. वाचलेलं जुळेनासं झालं की मोजणी थांबते. धडधाकट मशीनवर ती थांबते बेसिक रॉमपाशी, म्हणून ३८९११ बाइट मोकळे दिसतात. आकडा कमी आला तर संशय रॅमवर घ्यायचा.

जिफीडॉस यातली फक्त कर्नल बदलतं, शिवाय ड्राइव्हमधली रॉमही. दोन्हीकडे बदल हवा. एकीकडेच केला तर वेग जुनाच राहतो. मूळ १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ४०० बाइट देतो, म्हणजे ४० केबीच्या गेमला पावणेदोन मिनिटं. जिफीडॉस क्लॉक आणि डेटा या दोन्ही तारांवरून एका वेळी दोन बिट पाठवतं, त्यामुळे तोच गेम वीस सेकंदांच्या आत चढतो. एसडी२आयईसीला (फ्लॉपी ड्राइव्हऐवजी एसडी कार्ड वापरू देणारं उपकरण) ही भाषा येतेच, तिथे ड्राइव्ह उघडायची गरज नाही.

पण खरी मजा रोजच्या वापरात आहे. मूळ कर्नलवर डिस्कची यादी मागवली की मेमरीतला बेसिक प्रोग्रॅम पुसला जातो. जिफीडॉसवर एफ१ दाबा, यादी येते आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो.

कॅसेटवाल्यांचा मात्र पत्ता कट. नव्या कोडला ८ केबीतच जागा करायची म्हणून टेप वाचण्या-लिहिण्याचा कोड काढून टाकला आहे. काही कॉपी-प्रोटेक्टेड गेमही अडतात. म्हणून मूळ कर्नलवर परत जायचं स्विच असलेलीच चिप घ्या, आणि ते स्विच मशीन बंद करूनच फिरवा.

मागवण्याआधी केस उघडून बोर्ड बघा. जुन्या बोर्डवर यू४ असं छापलेल्या जागी २४ पायांची ९०१२२७ ही कर्नल चिप असते. २५०४६९ या आखूड बोर्डवर बेसिक आणि कर्नल एकाच २८ पायांच्या २५१९१३मध्ये असतात. नुसत्या केसवरून ठरवू नका. सी६४सी या नंतरच्या मॉडेलच्या पांढुरक्या केसमध्येही जुना बोर्ड निघतो. स्वतः एप्रॉम (पुन्हा लिहिता येणारी रॉम चिप) भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: २७६४ या ८ केबीच्या एप्रॉमला २८ पाय असतात, २४ पायांच्या सॉकेटात ती अडॅप्टरशिवाय चालत नाही. मूळ चिप थेट बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर सगळे पाय मोकळे करून आधी सॉकेट बसवा.

बसवल्यावर पडदा काळा राहिला तर लगेच बंद करा. चिपची खाच उलट बाजूला आहे का, एखादा पाय खाली दुमडलाय का, ते बघा. जुनी चिप परत लावूनही काळाच राहिला, तर पीएलए (कोणत्या वेळी कोणती मेमरी जोडायची ते ठरवणारी चिप) तपासायची वेळ आली.