मेणबत्तीचं किट, आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेणबत्त्या बनवायचं एक किट ऑनलाइन मागवलं होतं. खोका इतका देखणा होता की उघडायच्या आधीच पाच तारे देऊन मोकळी झाले. आता मे संपत आलाय. किटमधलं सगळं सामान केव्हाच संपलं, त्यानंतर बाहेरून आणलेलं साडेतीन-चार किलो मेणही वितळवून झालं, तेव्हा आता खरं काय ते लिहिते.

आधी थोडं घराबद्दल. आम्ही नागपूरचे, घर बौद्ध. मेणबत्ती आमच्याकडे शोभेची वस्तू कधीच नव्हती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे वंदनेला रोज एक लावायची, सोबत अगरबत्ती, संपलं. धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा अशा दिवशी पाकीटभर. आणि लाइट गेली की तीच मेणबत्ती वाटीत उभी करून स्वयंपाकघरात. त्यामुळे बाराशे रुपयांचं किट घरात आलं तेव्हा आई म्हणाली, "काहून वं, पाच रुपयाची मेणबत्ती उजेड नाही देत का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंटरनेटवर बघितलेले फोटो होते फक्त.

किटमध्ये होतं अर्धा किलो सोया मेण, पाच पत्र्याच्या डब्या, वीस वाती, पाच सुगंधांच्या बारक्या बाटल्या, रंगाच्या चकत्या आणि काचेचं थर्मामीटर. हे थर्मामीटर दुसऱ्याच आठवड्यात ओट्यावरून पडलं. सोया मेण दिसायला साबणाच्या चुऱ्यासारखं असतं आणि वितळतं फार लवकर, साधारण पन्नास अंशांच्या आसपास. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळत ठेवायचं, त्यात मेणाचं भांडं. थेट गॅसवर कधीही नाही. पाण्यामुळे मेण शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही. थेट आचेवर मात्र ते तापत तापत पेट घेण्याइतकं तापू शकतं, आणि ते कधी तेवढं तापलं हे बघून कळत नाही. किटच्या पत्रकात हे अगदी खाली, बारीक अक्षरात होतं. पहिल्या पानावर हवं होतं.

पहिल्या पाच मेणबत्त्या फोटोत सुंदर आल्या. लावल्यावर पाचही फसल्या. वातीभोवती बोटभर खड्डा पडत गेला, कडेचं मेण जसंच्या तसं, आणि तिसऱ्या दिवशी ज्योत त्या विहिरीत बुडून विझली. मी आधी मेणाला दोष दिला. दोष वातीचा होता.

या सगळ्या उद्योगात नव्वद टक्के खेळ वातीचा आहे, आणि किट विकणारे नेमकं तेच सांगत नाहीत. वात म्हणजे नुसती दोरी नव्हे. ती वितळलेलं मेण वर ओढते, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वात बारीक असेल तर ज्योत लहान, ती कडेपर्यंतचं मेण वितळवू शकत नाही. जाड असेल तर ज्योत भडकते, धूर सोडते, टोकाला काजळीची बोंडं धरते. म्हणजे वात भांड्याच्या रुंदीप्रमाणे घ्यायची. माझ्या किटमधल्या विसाच्या वीस वाती एकाच जाडीच्या होत्या आणि डब्या आठ सेंटिमीटर रुंद. त्या वातीला पाच सेंटिमीटरचं भांडं ठीक होतं. मग मी एका डबीत दोन वाती लावल्या, एकमेकींपासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर, आणि डबी शेवटपर्यंत सरळ जळली. त्या दिवशी किटचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. खरं तर ती अक्कल माझीच होती.

दुसरी गोष्ट, डबीतली मेणबत्ती पहिल्यांदा लावली की वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं. आठ सेंटिमीटरला तीन तास तरी लागतात. पंधरा मिनिटांत फोटो काढून फुंकली की पुढच्या वेळी ती तेवढ्याच वर्तुळात वितळते आणि विहीर पुन्हा सुरू होते. आणि दर वेळी लावण्याआधी वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापायची. मी नखं कापायचं नेलकटर वापरते, उत्तम चालतं.

आता पंखा. परदेशी व्हिडिओंमध्ये पंखा कुठेच दिसत नाही. आपल्याकडे तो डोक्यावर फिरतच असतो. पंख्याखाली ज्योत एका बाजूला झुकते, तीच बाजू वितळते, काचेवर काळा पट्टा उमटतो. मेणबत्ती फिरवून ठेवून काही होत नाही, मी भरपूर फिरवून पाहिली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमच्याकडे मेणबत्तीचा खरा हंगाम. पंखे बंद, खिडक्या लोटलेल्या, संध्याकाळ लवकर. मार्चअखेर कूलर सुरू झाला की खेळ संपला. एप्रिलमध्ये तर कपाटावर नुसत्या ठेवलेल्या सोया मेणबत्त्यांना घाम फुटला. वर तेलाचे थेंब, मेण बोटाने दाबलं तर लोण्यासारखं. बंद खोलीत चाळीसच्या पुढे पारा आणि मेण वितळणार पन्नासच्या आसपास, दुसरं काय होणार? नागपूर, अकोला, चंद्रपूर अशा गावी राहणाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी सोया मेण साठवून ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत.

सुगंधाबद्दल फार लिहीत नाही. शंभर ग्रॅम मेणाला सहा ते आठ ग्रॅम तेल पुरतं. मी हौसेने पंधरा घातलं, ते वर तरंगत राहिलं आणि वात पेटेना. किटमधला मोगरा पावडरच्या डब्यासारखा होता, चंदन बरं होतं. सोया मेणात वास मुरायला आठवडा-दोन आठवडे जावे लागतात, दुसऱ्याच दिवशी लावली तर वास येत नाही आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. स्वयंपाकघरातला केवड्याचा किंवा गुलाबाचा पाण्यातला इसेन्स मेणात मिसळत नाही, तळाशी बसतो आणि जळताना तडतडतो. खायच्या रंगाचंही तसंच. मेणखडू मात्र विरघळतो, पण त्यातली रंगाची भुकटी वातीत अडकते. लेकीचे अर्धे खडू संपल्यावर हे कळलं.

किट संपल्यावर सोया मेण परत घेतलं नाही. आमच्या इतवारी बाजारातून पांढऱ्या पॅराफिन मेणाच्या लाद्या आणल्या. सोयाच्या निम्म्याहून कमी भाव. साधारण अठ्ठावन्न-साठ अंशांना वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात जास्त टिकतं, साच्यातून निघतंही सुबक. तोटा असा की ते थंड होताना आकसतं आणि वातीपाशी खड्डा पडतो. म्हणून थोडं मेण मागे ठेवायचं आणि तासाभराने खड्ड्यात ओतायचं. वडीच्या वरून साय धरल्यासारखं दिसलं की वेळ झाली समजायची. थर्मामीटर फुटल्यापासून मी अशाच अंदाजावर आहे. महाबळेश्वरला भावेश भाटियांचा सनराइज कँडल्सचा उद्योग आहे, ते स्वतः दृष्टिहीन आणि तिथले बहुतेक कारागीरही. हे वाचल्यापासून थर्मामीटर फुटल्याचं रडगाणं बंद केलं.

हस्तकलेतलं सगळ्यात यशस्वी काय, तर इडलीपात्र. भंगारवाल्याकडून बिनछिद्राच्या इडलीच्या दोन जुन्या ताटल्या आणल्या (खायच्या इडलीला त्या परत वापरायच्या नाहीत). तेलाचा हात फिरवला, मेण ओतलं, अर्धवट घट्ट झाल्यावर गरम सुईने मधोमध भोक पाडलं आणि मेणात बुडवून ताठ केलेली वात, खाली पत्र्याची चकती लावून, खालून वर ओवली. मेण पाण्यापेक्षा हलकं, तळ गोल, त्यामुळे या इडल्या पाण्यावर डुलत तरंगतात. आजीचं पितळी घंगाळ माळ्यावरून खाली काढलं, पाणी, थोड्या शेवंतीच्या पाकळ्या आणि सात इडल्या. एक इडली तीन तास जाते. खाली पाणी असल्यामुळे पडली, कलली, विसरली तरी धोका कमी. पाकळ्या तेवढ्या ज्योतीपासून लांब ढकलायच्या. दिवाळीत दारी पणत्या होत्याच, पण येणारा प्रत्येक जण आधी घंगाळापाशी थांबत होता.

करवंटीतही केल्या. करवंटी बाहेरून पॉलिश पेपरने घासून घ्यावी लागते, धागे राहिले तर तेच पेट घेतात. गोल बुडाची करवंटी टेबलावर डुगडुगते, तिच्याखाली जुनी बांगडी ठेवली की प्रश्न मिटतो. संत्र्याच्या सालीची मेणबत्ती मात्र नागपूरकरांनी अभिमानापोटी करून बघावी आणि सोडून द्यावी. आमच्या संत्र्याची साल सैल आणि मऊ, अर्धी वाटी झकास निघते, पहिल्या संध्याकाळी मन प्रसन्न होतं, तिसऱ्या दिवशी कडेला बुरशी. सालीच्या मधल्या पांढऱ्या दांड्याची वात करून त्यात तेल घालायचं म्हणतात, ते माझ्या हातून एकदाही जमलं नाही.

लहानपणी उन्हाळी शिबिरात केलेली बर्फाची मेणबत्तीही केली. साच्याच्या मधोमध साधी मेणबत्ती, भोवती बर्फाचे तुकडे, वरून मेण. बर्फ वितळून पाणी निघून गेलं की जाळीदार खांब उरतो. बघायला सगळ्यात देखणी, जाळायला सगळ्यात वाईट. भोकांतून मेण गळतं, आत राहिलेलं पाणी तडतडतं. ती शोकेसमध्येच आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. जाडसर मेणबत्तीवर वाळलेली फुलं गरम चमच्याच्या पाठीने चिकटवतात, ते मी केलं. मेणबत्ती पाच सेंटिमीटर जाडीची, म्हणजे अशा कामाला फार बारीक. जास्वंदीची पाकळी आत कलंडली आणि दुसऱ्या वातीसारखी पेटली. बघता बघता वरचं सगळं मेण पेटल्यासारखं झालं. पडदा दीड हातावर होता. लेक पाण्याचा तांब्या घेऊन धावली, मी ओरडून थांबवलं आणि कढईचं झाकण पालथं घातलं. उकळत्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होऊन पेटतं मेण चारी बाजूंना उडतं. त्या दिवसापासून दोन नियम आहेत. मेणबत्तीजवळ झाकण हवं आणि खोलीत माणूस हवा. फुलं चिकटवायचीच असतील तर आठ-नऊ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. तेवढ्या जाडीत ज्योत मधे खोल उतरते आणि बाहेरचं कवच फुलांसकट शाबूत राहतं.

साफसफाईचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मेणाचं भांडं बेसिनमध्ये धुऊ नका. पाइपमध्ये मेण गोठलं की प्लंबर येतो आणि तो किटपेक्षा महाग पडतो. गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्या. चादरीवर सांडलं तर वाळू द्या, खरवडा, मग वर-खाली कागद ठेवून इस्त्री फिरवा, कागद मेण ओढून घेतो. रंगीत मेणाचा डाग मात्र राहतो. आमच्या सोफ्याला विचारा.

हिशेब असा. किटमध्ये अर्ध्या किलोत पाच डब्या, एक पडली दोनशे चाळीसला. दुकानातही जवळपास तेवढ्यालाच मिळते, आणि ती विहिरीत बुडत नाही. इतवारीच्या मेणाची इडली वातीसकट सात-आठ रुपयांत. म्हणून किटला आता मी दोन तारे देते, तेही खोक्यासाठी. वाण म्हणून, भेट म्हणून कोणाला द्यायचं असेल तर ठीक. स्वतः शिकायचं असेल तर किलोभर पॅराफिन, तीन वेगवेगळ्या जाडीच्या वाती आणि एक जुनं भांडं एवढंच घ्या. सुगंध पहिल्या महिन्यात आणूच नका.

आता आईची गोष्ट. फेब्रुवारीत मेण संपलं आणि इतवारीला जायला वेळ नव्हता, तेव्हा तिने दिवाणातून डालड्याचा जुना डबा काढून पुढ्यात ठेवला. वंदनेच्या मेणबत्त्यांची थोटकं आणि खरवडलेले थेंब, किती वर्षांचे देव जाणे. तिने ते कधी टाकलेच नव्हते. वितळवून जुन्या ओढणीतून गाळलं, तर चांगलं पाऊण किलो निघालं. थोडं पिवळट, पण जळायला अव्वल. त्याच्या इडल्या बुद्धपौर्णिमेसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या संध्याकाळी कूलर दोन तास बंद केला, सगळे घामाघूम, पण घंगाळ लावलं. फोटोपुढे मात्र आईने नेहमीचीच पांढरी पाकिटातली लावली. इडली तिथे ठेवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी घंगाळातली उरलेली थोटकं मी टाकायला निघाले, तर म्हणाली, "फेकू नको वं, डब्यात टाक." डबा परत दिवाणात गेलाय. बाहेर कूलर घरघरतोय, आता दिवाळीपर्यंत काही करायचं नाही.