नॅसॉ की सफोक? लाँग आयलंडवर घर बघणाऱ्यांसाठी

मार्च-एप्रिल आला की न्यूयॉर्क शहरातल्या आपल्या लोकांचा हा मेसेज येतोच. "क्वीन्समधलं भाडं परवडेना झालंय, मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाईल, लाँग आयलंडवर बघतोय, नॅसॉ घेऊ की सफोक?" दर वेळी तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी आधी चार वर्षं सफोकमध्ये कोमॅकला भाड्याने राहिले, आता सात वर्षं नॅसॉत हिक्सविलजवळ आहे, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय (पाण्याचा विषय पुढे येणारच आहे).

नकाशात ब्रुकलिन आणि क्वीन्सही याच बेटावर दिसतात, पण इथे त्यांना कोणी लाँग आयलंड म्हणत नाही. लाँग आयलंड म्हणजे फक्त नॅसॉ आणि सफोक या दोन काउंट्या (आपले जिल्हे म्हणा). नॅसॉ मुळात क्वीन्सचाच पूर्वेकडचा भाग, पश्चिम क्वीन्स न्यूयॉर्क शहरात सामील झाल्यावर १८९९ मध्ये वेगळी काउंटी झाली. २०२० च्या जनगणनेत नॅसॉची वस्ती जवळपास १४ लाख आणि सफोकची १५ लाखांच्या थोडी वर, म्हणजे माणसं जवळजवळ सारखीच पण सफोकची जमीन तिपटीहून जास्त, त्यामुळे तिकडे अंगण मोठं, झाडं जास्त, हरणं जास्त आणि सगळं लांब. पैसा दोन्हीकडे आहे, मधल्या घराचं वार्षिक उत्पन्न दोन्ही काउंट्यांत १.२० लाख डॉलरच्या वरच आहे, त्यामुळे एक श्रीमंतांचं आणि एक गरिबांचं असं काही डोक्यात घेऊन येऊ नका.

आता ट्रेन. मुंबईकरांसाठी सोप्पं करून सांगते. जमैका म्हणजे आपलं दादर, बहुतेक गाड्या तिथून जातात आणि निम्मी जनता तिथे धावत गाडी बदलते. आणि हिक्सविल म्हणजे कल्याण. कल्याणला कसे कर्जत आणि कसारा असे फाटे फुटतात, तसाच हिक्सविलला एक फाटा रॉन्कॉन्कोमाला जातो, दुसरा पोर्ट जेफरसनला. हिक्सविलपर्यंत भरपूर गाड्या, २०२२ पासून फ्लोरल पार्क ते हिक्सविल तिसरा ट्रॅक झाल्यावर तर आणखी सोय, मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला पाऊण तासाच्या आसपास. २०२३ पासून ग्रँड सेंट्रललाही थेट गाड्या आहेत, मिडटाउन ईस्टला ऑफिस असेल त्याचा जीव वाचला. हिक्सविलच्या पुढे मात्र नीट बघा. रॉन्कॉन्कोमाचा फाटा शेवटपर्यंत इलेक्ट्रिक आहे, वेळ सव्वा तासाच्या पुढे जातो पण बसलात की बसलात. पोर्ट जेफरसनच्या फाट्यावर इलेक्ट्रिक फक्त हंटिंग्टनपर्यंत, पुढे डिझेल, त्यामुळे स्मिथटाउन किंवा स्टोनी ब्रूकला घर घेऊन रोज मॅनहॅटनला जायचं तर हंटिंग्टनला किंवा कुठेतरी गाडी बदलणं आलं, आणि एक कनेक्शन चुकलं की थंडीत प्लॅटफॉर्मवर उभं राहणंही आलं. माझा नवरा कोमॅकला असताना घरातून अंधारात निघायचा आणि अंधारात परत यायचा, मुलगा त्याला शनिवारी "बाबा आज तुम्ही घरी कसे?" म्हणून विचारायचा. आम्ही नॅसॉत आलो त्याचं खरं कारण हे. गाडीने जाऊ म्हणत असाल तर एलआयईवर (लाँग आयलंड एक्सप्रेसवे, इथला मुख्य हायवे) सकाळी आठला एकदा जाऊन बघा, शिवाय २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या स्ट्रीटच्या खाली शिरायचे दिवसा ९ डॉलर वेगळे.

किंमत. साधं तीन बेडरूमचं केप किंवा हाय रँच (इथल्या साध्या घरांचे प्रकार) धरलं तर नॅसॉत ८ लाख डॉलरच्या आसपास मानसिक तयारी ठेवा, सफोकमध्ये लाख-दीड लाख कमी पडतात, बरंच पुढे पूर्वेला गेलात तर अजून कमी (हॅम्पटन्स सोडून, तिथे आपलं काही काम नाही). पण घर स्वस्त म्हणून टॅक्सही स्वस्त, असं अजिबात नाही हं. प्रॉपर्टी टॅक्स दोन्हीकडे वर्षाला १० हजार डॉलर हे अगदी नॉर्मल, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या वरचा भाग शाळेचा. कितीतरी जण घराची किंमत बघून सफोकला जातात आणि पहिलं टॅक्सचं बिल आलं की गप्प होतात. घर एखाद्या इन्कॉर्पोरेटेड व्हिलेजमध्ये (स्वतःचा कारभार असलेल्या गावात) असेल तर व्हिलेजचा टॅक्स वेगळा, लिस्टिंगमध्ये तो कधीकधी आकड्यात धरलेला नसतो, विचारून घ्या. टॅक्स कमी करायला दरवर्षी "ग्रीव्हन्स" (घराच्या मूल्यांकनाविरुद्ध तक्रार) टाकायचा असतो, नॅसॉत काउंटीकडे मार्चच्या सुरुवातीपर्यंत, सफोकमध्ये आपापल्या टाउनकडे (काउंटीतला तालुका म्हणा) मे महिन्यात. फॉर्म स्वतः भरता येतो, एजंटला दिलात तर वाचलेल्या पैशातला चांगला निम्मा तोच नेतो.

शाळा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. इथे काउंटी विसरा, शाळेचा डिस्ट्रिक्ट बघा. नॅसॉत जेरिको, सायोसेट, ग्रेट नेक, हेरिक्स, सफोकमध्ये हाफ हॉलो हिल्स, कोमॅक, थ्री व्हिलेज, ही नावं आपल्या लोकांच्या तोंडी सतत असतात आणि सगळीकडे आपली मुलं आहेत. खरा घोळ पत्त्याचा. पोस्टाचा पत्ता आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट जुळेलच असं नाही. हिक्सविल किंवा वेस्टबरी असा पत्ता असलेली काही घरं जेरिकोच्या शाळेत जातात, न्यू हाइड पार्कच्या पत्त्यावरची काही हेरिक्समध्ये तर काही चक्क ग्रेट नेकमध्ये, आणि डिक्स हिल्समध्ये अर्धी गल्ली हाफ हॉलो हिल्स आणि पुढची कोमॅक असं होऊ शकतं. म्हणून घर आवडलं की आधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून घरनंबर सांगून विचारा, लिस्टिंगवर विश्वास ठेवू नका.

आता ते पाणी. शहरात नळाला पाणी वरच्या डोंगरांतल्या धरणांतून येतं, बेटावर तसं नाही, नॅसॉ आणि सफोक दोन्हीकडे पिण्याचं पाणी पायाखालच्या जमिनीतूनच उपसतात. आणि नॅसॉत बहुतेक घरांना गटारलाइन असली तरी सफोकमध्ये चारातल्या जवळपास तीन घरांचं सांडपाणी अंगणातल्या सेसपूलमध्ये नाहीतर सेप्टिक टँकमध्ये जातं, म्हणजे आपल्याकडच्या शोषखड्ड्याचाच भाऊ. त्यातलं नायट्रोजन खाडीत जाऊन पाणी खराब होतं म्हणून २०२४ मध्ये सफोकच्या लोकांनी मतदान करून सेल्स टॅक्स थोडा वाढवून घेतला. सेसपूल म्हणजे काय ते आम्हाला कोमॅकला असताना गौरी जेवायच्या दिवशी कळलं. तीस माणसं घरात, पुरणपोळ्या तव्यावर, आणि खालच्या बाथरूममधून पाणी उलटं वर यायला लागलं. घरमालक फोन उचलेना. शेवटी संध्याकाळी टँकर आला, अंगणातलं झाकण उघडलं आणि आरती आम्ही दारं-खिडक्या घट्ट लावून केली. घर घेताना इन्स्पेक्शनमध्ये तो खड्डा कुठे आहे, किती जुना आहे, शेवटचा कधी उपसला हे विचाराच.

आईबाबा सहा-सहा महिने येऊन राहणार असतील तर "मदर-डॉटर" घर हा शब्द लक्षात ठेवा, एकाच घरात वेगळं छोटं किचन असतं. पण त्याला टाउनची परमिट लागते, आणि फिनिश्ड बेसमेंटलाही सीओ (सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, वापराचा दाखला) लागतो. आम्हाला एक एजंट छान बेसमेंट दाखवून "सगळं लीगल आहे" म्हणाला, टाउनमध्ये चौकशी केली तर कागदावर तिथे नुसती अडगळीची खोली होती. हे दोन्ही काउंट्यांत चालतं.

खाणंपिणं, देऊळ वगैरेत नॅसॉ सरळ जिंकते. हिक्सविलच्या ब्रॉडवेवर किराणा, डोसा, मिठाई, साड्या, सगळं, जवळच अगदी अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदूंचं आसामाई मंदिरसुद्धा. फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ आणि जेएफके विमानतळ दोन्ही जवळ. सफोकमध्ये मेलव्हिलला स्वामिनारायण मंदिर आहे, किराण्याची छोटी दुकानंही आहेत, पण कुळीथाचं पीठ संपलं की गाडी काढायची ती हिक्सविलकडेच. उलट समुद्र, जंगल, नॉर्थ फोर्कची शेतं हे सगळं सफोकचं, नॅसॉकडे जोन्स बीच आहे आणि तो झकास आहे, पण जुलैच्या रविवारी तिथे अकरानंतर जाऊ नका. आणि सफोकच्या गवतात टिक्स (गोचिड) असतात, मुलं खेळून आली की कानामागे, गुडघ्यामागे बघायची सवय लावा.

तर माझं मत विचाराल तर, घरातलं एक जरी माणूस आठवड्यातून तीन-चार दिवस मॅनहॅटनला जाणार असेल तर नॅसॉ, मिनिओला ते हिक्सविलच्या पट्ट्यात, घर एक खोली लहान घ्या पण तिथेच घ्या. दोघंही घरून काम करत असाल किंवा नोकरी मेलव्हिल, ब्रूकहेवन लॅब, स्टोनी ब्रूककडे असेल तर नॅसॉला पैसे घालू नका, डिक्स हिल्स-कोमॅक बघा. मधलं काही हवं असेल तर हंटिंग्टन, तिथे इलेक्ट्रिक गाडी आणि सफोकचं अंगण दोन्ही मिळतं, फक्त ट्रेनचं तिकीट हिक्सविलच्या झोन ७ ऐवजी झोन ९ चं.

घरं बघायला शनिवारी येणार असाल तर आधी कळवा, आणि भाजी सकाळीच घेऊन टाकू, साडेबारानंतर ब्रॉडवेवर पार्किंग मिळत नाही.