माउथवॉश घेताना बाटलीची मागची बाजू वाचा

माउथवॉशच्या बाटल्या पुढून सगळ्या सारख्याच दिसतात. फरक मागच्या बारीक अक्षरांत असतो, त्यामुळे आधी आपली तक्रार काय आहे ते ठरवा.

फक्त तोंडाला वास येत असेल, तर नुसता पुदिन्याचा स्वाद थोडा वेळ वास झाकतो, बाकी काही नाही. त्यापेक्षा झिंक किंवा सेटिलपिरिडिनियम क्लोराइड असलेलं घ्या. वास येतो तो बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातले जंतू गंधकयुक्त वायू सोडतात म्हणून. झिंक त्या वायूंना बांधून ठेवतं, दुसरं जंतूंवर काम करतं. जीभ मात्र रोज घासायलाच हवी, तिथला थर चूळ भरून निघत नाही.

दात वारंवार किडत असतील तर फ्लोराइडचं घ्यावं. इथे एक चूक सर्रास होते: ब्रश झाला की लगेच माउथवॉश. रोजच्या वापराच्या माउथवॉशमध्ये सोडियम फ्लोराइड साधारण ०.०५ टक्के, म्हणजे जेमतेम २२५ पीपीएम (दहा लाख भागांत २२५ भाग) फ्लोराइड. टूथपेस्टमध्ये सहसा १००० ते १५००. म्हणजे दातांवरचं जास्त फ्लोराइड आपण कमी फ्लोराइडने धुऊन काढतो! दुपारच्या जेवणानंतर वापरा आणि पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका.

क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक (०.१२ किंवा ०.२ टक्के) या सगळ्यांत जोरकस. हिरड्या सुजल्या असतील किंवा दात काढला असेल तर डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. उरलेली बाटली संपवायची म्हणून महिनोन्महिने वापरू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव बिघडते, कीटणही वाढतं. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रशनंतर चांगली चूळ भरून थोडा वेळ जाऊ द्या.

अल्कोहोल असलेलं की नसलेलं? माझं मत स्पष्ट आहे, नसलेलं. झोंबतं म्हणजे जास्त काम करतं, असं अजिबात नाही. तोंड कोरडं पडत असेल किंवा तोंड आलं असेल, तर अल्कोहोलने त्रास वाढतोच.

सहा वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देऊ नका, ती गिळतात. मोठ्यांनीही लेबलवर लिहिलंय तेवढंच मापून घ्यावं, अर्धा ते एक मिनिट खळखळवून थुंकावं. आणि हिरड्यांतून रक्त येतच राहिलं किंवा वास हटेना, तर बाटल्या बदलत बसू नका, दाताच्या डॉक्टरांना दाखवा.