शेक्सपिअरच्या राजांपैकी आधी कोणता वाचावा?

शेक्सपिअरने इंग्लंडच्या राजांवर लिहिलेली नाटकं वाचायची ठरवली, की निवड बहुतेकदा तिघांवर येऊन अडते: ‘तिसरा रिचर्ड’, ‘पाचवा हेन्री’ आणि ‘दुसरा रिचर्ड’. नुसती रंगतदार गोष्ट हवी असेल तर डोळे मिटून ‘तिसरा रिचर्ड’ घ्या. पण या नाटकांतलं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर माझं मत ‘दुसऱ्या रिचर्ड’ला.

‘तिसरा रिचर्ड’चा राजकीय हेतू लपलेला नाही. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला आणि सातवा हेन्री गादीवर आला. हा हेन्री म्हणजे शेक्सपिअरच्या काळात राज्य करणाऱ्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा आजोबा. रिचर्ड जितका काळा, तितकी तिच्या घराण्याची गादी उजळ. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्किंगखाली रिचर्डचा सांगाडा मिळाला. कणा बाजूला वाकलेला होता, पण नाटकात दाखवलेल्या लुळ्या हाताचा हाडांत मागमूस नव्हता.

तरीही याला सरकारी प्रचार म्हणून बाजूला टाकू नका. त्यात एका लेखनिकाचा जेमतेम चौदा ओळींचा प्रवेश आहे. हेस्टिंग्ज या सरदाराचं आरोपपत्र सुवाच्य अक्षरात उतरवायला त्याला अकरा तास लागले. पण पाच तासांपूर्वी हेस्टिंग्ज जिवंत होता, मोकळा होता, त्याच्यावर कसला आळही नव्हता! हा बनाव कोणाला दिसत नाही, आणि दिसतो असं म्हणायची छाती कोणाची आहे, असं तो विचारतो आणि निघून जातो. एवढ्या एका प्रवेशासाठीसुद्धा हे नाटक वाचावं.

‘पाचवा हेन्री’ (१५९९) पाहायला सर्वांत सोपं. अ‍ॅजिनकोर्टची लढाई, जोशपूर्ण भाषणं, मधूनमधून हशा. पण नाटक उघडतं ते दोन धर्मगुरूंच्या कुजबुजीने: चर्चच्या जमिनी काढून घेणारं विधेयक येऊ घातलंय, आणि राजाला फ्रान्सच्या युद्धाकडे वळवलं तर ते टळेल. १६०० सालच्या छापील प्रतीत नेमका हा प्रवेश नाही. १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी या नाटकावर चित्रपट केला. त्यात हेन्री युद्धकैद्यांना मारायचा हुकूम देतो तो भाग गाळला. चित्रपटच बघणार असाल तर मूळ संहिता शेजारी ठेवा.

आता ‘दुसरा रिचर्ड’. लढाई जवळजवळ नाही, सगळं नाटक पद्यात, पहिले दोन अंक संथ. ज्याला घटना हव्यात तो इथे कंटाळेल, हे आधीच सांगतो. पण कायदेशीर राजाला गादीवरून उतरवता येतं का, हा प्रश्न वारस न नेमलेल्या म्हाताऱ्या राणीच्या राज्यात विचारणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता. एलिझाबेथ हयात असेपर्यंत निघालेल्या एकाही छापील प्रतीत राजत्यागाचा प्रवेश नाही. तो छापला गेला १६०८ मध्ये, ती जाऊन पाच वर्षं झाल्यावर.

७ फेब्रुवारी १६०१ ला राणीच्या मर्जीतून उतरलेला सरदार अर्ल ऑफ एसेक्स याच्या माणसांनी ग्लोब थिएटरच्या नटांना चाळीस शिलिंग जादा देऊन दुसऱ्या रिचर्डला गादीवरून उतरवण्याचं नाटक करायला लावलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते हेच. नाटक जुनं झालंय, कोणी येणार नाही, असं नट म्हणत होते. दुसऱ्या दिवशी एसेक्स बंड करून लंडनच्या रस्त्यावर उतरला. लोक त्याच्यामागे आले नाहीत, आणि त्याच महिन्यात त्याचं डोकं उडवलं गेलं. नटांची चौकशी झाली, शिक्षा झाली नाही.

यात शेक्सपिअर कोणाच्या बाजूचा, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि म्हणूनच मी या नाटकाकडे परत परत जातो. रिचर्ड नालायक राजा आहे, पण मुकुट जाताना तोच मोठा वाटू लागतो. मुकुटाची एक कड त्याच्या हातात, दुसरी त्याची गादी घेणाऱ्या चुलतभावाच्या, बोलिंगब्रोकच्या. रिचर्ड म्हणतो, हा मुकुट म्हणजे खोल विहीर, आणि आपण तिचे दोन पोहरे: रिकामा वर हवेत नाचतोय, आणि खाली, कोणाला न दिसणारा, पाण्याने भरलेला, तो मी.

ठरत नसेल तर चौथा अंक उघडून एवढाच प्रवेश वाचा. मनाला भिडला तर पहिल्या पानापासून सुरू करा. नाही भिडला, तर निःशंक ‘तिसरा रिचर्ड’ घ्या.